शब्द बदलून पाहा, अक्षरं मोजून पाहा

पाठ्यपुस्तकात अलंकार शिकवण्याची पद्धत ठरलेली असते: नाव, व्याख्या, एक उदाहरण. विद्यार्थी उदाहरण पाठ करतो आणि नवी ओळ समोर आली की खुणेचे शब्द शोधत बसतो. 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसला की उपमा. पण 'तो सारखा फोन करतो' यातही 'सारखा' आहे आणि तिथे उपमा औषधालाही नाही. कवितेतल्या बहुतेक संज्ञा व्याख्येपेक्षा चाचणीने लवकर कळतात. ओळीतलं काहीतरी बदलायचं, काढायचं किंवा मोजायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं.

पहिली चाचणी सर्वांत सोपी आहे. शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घाला. 'कर भरता भरता थकले कर' या ओळीचं 'सारा भरता भरता थकले हात' असं केलं तर अर्थ राहतो, गंमत जाते. म्हणजे गंमत शब्दाच्या ध्वनीत होती, तो शब्दालंकार. शब्द बदलूनही गंमत टिकली तर अर्थालंकार. वरच्या ओळीत एकच शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा होता, म्हणून तो यमक अलंकार. 'सरकारपुढे धरायला आता नुसते करच उरले' इथे शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ एकदम सांगतो, म्हणून श्लेष. अनुप्रासात अर्थाचा प्रश्नच नसतो, वर्ण परत परत कानावर आला की झालं.

रोजच्या बोलण्यात आपण यमक म्हणतो ते ओळींच्या शेवटी जुळणारं यमक. ते जुळलं की नाही हे शेवटच्या अक्षरावरून ठरवू नका, त्याच्या आधीचा स्वर ऐका. 'घडो–पडो' मध्ये 'डो' सारखा आहे आणि त्याआधीचा 'अ'ही. 'कानी–मनी' मध्ये 'नी' सारखा, पण आधी एकीकडे 'आ', दुसरीकडे 'अ'. डोळ्यांना चालून जातं, कानाला नाही. हौशी कवितांमधली निम्मी लंगडी यमकं याच जागी लंगडतात.

एक दाणा, दहा अलंकार

साम्यावर उभे असलेले अर्थालंकार सुटे सुटे शिकले की घोळ होतो. ते एकाच वाक्यातून काढता येतात. त्यासाठी उपमेचे चार भाग आधी पक्के हवेत: ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करतो ते उपमान, दोघांत समान असलेला गुण म्हणजे साधारणधर्म, आणि सारखा, सम, परी, वाणी असा साम्यवाचक शब्द.

'ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे.' चारही भाग हजर, म्हणून पूर्णोपमा. 'टपोरे' काढा, उपमा राहते, पण लुप्तोपमा होते. आता नुसतं नातं बदलत जायचं.

'ज्वारीचे दाणे म्हणजे जणू मोतीच' असं म्हटलं की तुलना संपून कल्पना सुरू होते. दाणे मोती नाहीत हे बोलणाऱ्याला माहीत आहे, तरी ते मोती असावेत असं त्याला वाटून घ्यायचं आहे. ही उत्प्रेक्षा. 'ज्वारीचे मोती खळ्यात सांडले' इथे 'जणू'ही गळाला, दोघं एकच झाले, पण दोघांचीही नावं ओळीत आहेत. हे रूपक. आता ज्वारीचं नावही काढून टाका: 'खळ्यात मोत्यांची रास लागली.' उपमानाने उपमेय गिळलं, म्हणून रूपकातिशयोक्ती. रूपक आणि हिच्यात परीक्षेत सर्वाधिक गोंधळ होतो. चाचणी एवढीच: उपमेयाचं नाव ओळीत आहे का?

'हे दाणे नव्हेत, मोती आहेत' यात उपमेयाला सरळ नकार दिला, ती अपन्हुती. 'हे दाणे की मोती?' या शंकेत निर्णय होत नाही, तो ससंदेह. 'दाणे पाहून सोनाराने तराजू काढला' इथे निर्णय झाला आणि तो चुकला, म्हणून भ्रांतिमान. ससंदेहात शंका मनात असते, भ्रांतिमानात माणूस चुकीच्या समजावर काहीतरी करून बसतो, त्यामुळे भ्रांतिमानात बहुधा एक कृती सापडते.

'मोत्यांहून दाणा थोर, मोत्याने पोट भरत नाही.' हा व्यतिरेक: उपमेय वरचढ ठरलं, आणि का ते सांगितलं. 'मोती ज्वारीच्या दाण्यांसारखे गोल' असं उलटं केलं, उपमानालाच उपमेयाच्या पायरीवर आणलं, की प्रतीप. आणि 'ज्वारीचा दाणा ज्वारीच्या दाण्यासारखाच' म्हणून तुलनाच बंद केली की अनन्वय.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे, उपमेय आणि उपमान वेगळ्या जातीचे हवेत. 'हा आंबा परवाच्या आंब्यासारखा निघाला' ही बाजारातली माहिती झाली, अलंकार नव्हे. दुसरं, 'जणू' असून उपमा आणि 'जणू' नसून उत्प्रेक्षा असू शकते. वाटे, गमे, भासे, की यांनीही उत्प्रेक्षा होते. शब्दाकडे पाहू नका, बोलणारा तुलना करतोय की कल्पना करतोय ते विचारा.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास ही आणखी एक भांडखोर जोडी. तुकोबांचं 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा । ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार' घ्या. मुंगी आणि ऐरावत ही दोन्ही ठोस उदाहरणं आहेत, लहानपणाच्या मागणीला पुरावा म्हणून शेजारी ठेवलेली. हा दृष्टांत. आता हे पाहा: 'विहीर आटली आणि पाणवठ्याची वाटही ओस पडली, गरज सरली की कोण कुणाच्या दारी जातो?' आधी एक विशिष्ट घटना, मग तिच्यावरून सर्वांना लागू होणारा सिद्धांत. विशेषाकडून सामान्याकडे किंवा उलट उडी असली की अर्थांतरन्यास. नुसती उदाहरणं शेजारी बसली असतील तर दृष्टांत.

व्याजस्तुती आणि व्याजोक्ती नावांमुळेच गोंधळवतात, प्रत्यक्षात फार लांबच्या आहेत. 'काय तुझं औदार्य! माझंच पुस्तक मला भेट दिलंस' ही व्याजस्तुती, वरून स्तुती आत निंदा. 'डोळ्यांत पाणी? छे, कांदा चिरत होते' ही व्याजोक्ती, खरं कारण लपवून दुसरं पुढे केलं.

चेतनगुणोक्तीबद्दल, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं वागायला लावण्याबद्दल, एकच सूचना. 'रस्ता गावाकडे जातो', 'पाऊस आला' ही रोजची भाषा आहे, तिथे कोणाला माणूस दिसत नाही. 'पाऊस ओसरीवर येऊन पाय धुऊन बसला' म्हटल्यावर दिसतो. निर्जीवाला क्रियापद मिळालं एवढ्यावर गुण देऊ नयेत.

वृत्त, जाती, छंद

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. चाचणी मोजणीची आहे. दोन ओळी शेजारी लिहा. दोन्हींमध्ये लघु-गुरूंचा क्रम अक्षर न् अक्षर सारखा असेल तर अक्षरगणवृत्त. क्रम वेगळा पण मात्रांची बेरीज सारखी असेल तर मात्रावृत्त, म्हणजेच जाती. मात्राही जुळत नाहीत, फक्त अक्षरांची संख्या जुळते, तर अक्षरछंद.

लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. अ, इ, उ, ऋ हे लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे पडला तर ते ऱ्हस्वही गुरू. चरणाच्या शेवटचं लघू गरजेनुसार गुरू मानता येतं. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतली एकच ओळ यातले बहुतेक नियम दाखवते:

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे

लघूला ल आणि गुरूला गा म्हणू. मना सज् = लगागा. जना भक् = लगागा. तिपंथे = लगागा. चि जावे = लगागा. 'स' आणि 'भ' जोडाक्षराच्या आघाताने गुरू झाले, 'पं' अनुस्वाराने. लगागा चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा: हे भुजंगप्रयात. आता कोणी आजच्या सवयीने इथे 'भक्तीपंथे' असं दीर्घ लिहिलं तर सातव्या जागी लघूऐवजी गुरू येतो आणि ओळ म्हणताना तिथेच अडखळते. 'भक्ती' सुटा असताना दीर्घ आणि समासात 'भक्ति' ऱ्हस्व, हा शुद्धलेखनाचा नियम कवितेत असा ऐकू येतो. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीकही त्याच नियमांनी कवीला दिलेली आहे, म्हणून जुन्या कवितेतली 'चूक' दुरुस्त करण्याआधी मात्रा मोजाव्यात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जोडाक्षरांवर. 'पुस्तक', 'सत्य', 'विद्या' मध्ये पहिलं अक्षर गुरू: पुस्‌-तक, सत्‌-त्य, विद्‌-द्या असं आपण म्हणतो. 'तुझ्या', 'तिच्या', 'तुम्ही', 'पुन्हा', 'कुऱ्हाड' मध्ये आघात मागे येत नाही, पहिलं अक्षर लघूच. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, म्हणून शब्द मोठ्याने म्हणणं हाच उपाय. पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर मागच्या शब्दातल्या शेवटच्या लघूला मराठीत सहसा गुरू करत नाही. समासात मात्र करतं.

दर तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. आठ गण 'यमाताराजभानसलगा' या एका सूत्रात बसवलेले आहेत. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्या. य म्हणजे यमाता, लगागा. र म्हणजे राजभा, गालगा. स म्हणजे सलगा, ललगा. तक्ता पाठ करण्याची गरज उरत नाही.

गणांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे यती, ओळीतली ठरलेली विसाव्याची जागा. पृथ्वी वृत्तात ज स ज स य ल ग असे गण, १७ अक्षरं आणि आठव्या अक्षरानंतर यती. मोरोपंतांच्या केकावलीतली ओळ म्हणून पाहा: 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो'. 'घडो'वर शब्द, अर्थ आणि विसावा तिन्ही एकत्र संपतात. यतीची जागा एखाद्या शब्दाच्या पोटात आली की यतिभंग होतो: गण बरोबर, मोजणी बरोबर, तरी ओळ कुबड आल्यासारखी वाटते. शार्दूलविक्रीडितात यती बाराव्या अक्षरानंतर, शिखरिणीत सहाव्यानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. नव्याने वृत्तात लिहिणारे गण सांभाळतात आणि यती विसरतात. दुसरी सवय म्हणजे जागा भरायला 'रे', 'गे', 'ते', 'हो' कोंबणे. असा शब्द काढून अर्थ तसाच राहिला तर तो भरतीचा आहे.

मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात. 'पाणी' आणि 'रिमझिम' दोन्ही चार मात्रांचे, एकमेकांच्या जागी बसतात. भुजंगप्रयातात ही अदलाबदल अजिबात चालणार नाही. या मात्रा समान गटांत पडतात. आठ-आठ मात्रांची आवर्तनं असली तर पद्मावर्तनी, सहा-सहाची असली तर भृंगावर्तनी. ताल धरला की फरक लगेच कळतो.

मात्रामोजणीची एक मजा आपल्या तोंडपाठ ओळींत लपली आहे. 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची. ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची.' चार चरणांच्या मात्रा मोजा: १२, १८, १२, १८. शास्त्रातल्या आर्येचं माप १२, १८, १२, १५ असं आहे. १२-१८-१२-१८ हे माप गीतीचं. मोरोपंतांच्या आर्येचं कौतुक करणारी ही ओळ मापाने गीती आहे, आणि मराठीत आर्या म्हणून मिरवणारी पुष्कळशी रचना अशीच गीती आहे.

अक्षरछंदात लघु-गुरूकडे पाहायचंच नाही. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया' यात अक्षरं ६, ६, ६, ४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हा मोठा अभंग. 'जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले' यात आठ-आठ अक्षरं, तो लहान अभंग. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. 'ध्या' एक, 'म्ह' एक. ओवी याहून सैल. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहा: 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा'. अक्षरं ६, ६, ८, ४. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि मोकळा. संख्या ओवीगणिक बदलते, हा साचा बदलत नाही.

मुक्तछंदाबद्दल एवढंच: ओळ लहानमोठी असते, लय नसते असं नाही. मोठ्याने वाचताना लय सापडलीच नाही तर ती गद्यकविता, आणि त्यात कमीपणा काही नाही. सुनीत, म्हणजे सॉनेट, चौदा ओळींचं, बहुतेकदा आठ आणि सहा असं वळण घेणारं. केशवसुतांनी ते मराठीत आणलं.

गझलेची भाषा

गझलेच्या संज्ञा समजायला एवढे दोन शेर पुरतात:

किती काळ झाला, तशी रात आहे
दिव्याला अजूनी जुनी वात आहे

तसे गाव माझे पुरे झोपलेले
कुणी एक दारी उभा गात आहे

वृत्त पुन्हा भुजंगप्रयात. 'दिव्याला' मधला 'दि' लघू आहे, वरचा जोडाक्षराचा नियम आठवा. प्रत्येक ओळ म्हणजे मिसरा, दोन मिसऱ्यांचा शेर. 'आहे' हा न बदलता परत येणारा शब्द म्हणजे रदीफ. 'रात, वात, गात' हे त्याआधीचं यमक म्हणजे काफिया. या तिघांत 'त'च्या आधी कायम राहिलेला 'आ' हा स्वर म्हणजे अलामत. पहिल्या शेरात काफिया दोन्ही ओळींत येतो, म्हणून तो मतला. पुढे फक्त दुसऱ्या ओळीत. शेवटच्या शेरात कवीने आपलं उपनाव गुंफलं तर तो मक्ता.

मतल्याने जो करार केला तो शेवटपर्यंत पाळावा लागतो. इथे तिसऱ्या शेरात कोणी 'शेत आहे' आणलं तर 'त' जुळतो, पण अलामत 'आ'ची 'ए' होते आणि गझल मोडते. 'हातात आहे' चालेल. आणखी एक चूक अशी की शेर एकमेकांना धरून गोष्ट सांगू लागतात. ती चांगली कविता असू शकते. पण गझलेतला शेर बाकीच्या शेरांशिवाय एकटा उभा राहिला पाहिजे. एक शेर उचलून कोऱ्या कागदावर लिहा आणि कळतो का पाहा.

बोललेलं आणि न बोललेलं

शब्दशक्ती तीन: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. इतर दोघींना वेगळं करणारी खूण पक्की आहे. लक्षणेत सरळ अर्थ बसतच नाही. 'मुंबई झोपत नाही': शहर झोपत नसतंच, म्हणून सरळ अर्थाला अडथळा आला; शहर आणि त्यातली माणसं यांचा संबंध आहे; आणि असं म्हणण्यात काही हेतू आहे. मुख्यार्थाचा बाध, संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन या तीन अटी पुऱ्या झाल्या की लक्षणा. 'नदीचं मुख', 'डोंगराचा पायथा' या रूढ लक्षणा, इतक्या वापरून गुळगुळीत झालेल्या की आता लक्षातही येत नाहीत.

व्यंजनेत सरळ अर्थ अगदी नीट बसतो आणि तरी आणखी काही ऐकू येतं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त दिलेलं उदाहरण आहे 'सूर्य मावळला'. वाक्यात कसलीही अडचण नाही. पण गुराख्याने म्हटलं तर 'गुरं घराकडे वळवा', प्रेयसीच्या सखीने म्हटलं तर 'भेटीची वेळ झाली'. अर्थ कोण कोणाला म्हणतंय यावर ठरतो. हा व्यंग्यार्थच काव्याचा आत्मा आहे असं नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त मांडलं. कवितेवर लिहिताना 'सूचकता' हा शब्द सैल हाताने टाकण्याआधी हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय हे लिहून काढा. निम्मं रसग्रहण तिथेच होतं.

आधुनिक समीक्षेतली प्रतिमा आणि प्रतीक ही जोडी अलंकारांच्या चौकटीत बसवायला जाऊ नये. प्रतिमा म्हणजे एखाद्या इंद्रियाला जाणवणारी गोष्ट. 'दुःखाचा सागर' हे रूपक आहे, पण त्यात ना पाणी दिसतं, ना खारेपणा लागतो. प्रतिमा म्हणून ते मेलेलं आहे. 'ओल्या गोणपाटाचा वास' यात तुलना कुठेच नाही, तरी ती प्रतिमा आहे. मर्ढेकरांच्या 'पिपात मेले ओल्या उंदिर' या कवितेतल्या उंदरांना शोधूनही उपमेय सापडत नाही, कारण कवीने ते दिलेलंच नाही. उंदीर आधी डोळ्यांना दिसतात, अंगावर येतात, आणि मग शहरात माना टाकून जगणाऱ्या माणसांपर्यंत आपण आपले पोचतो.

तीच वस्तू कवितेत पुन्हा येऊ लागली आणि दर वेळी स्वतःपेक्षा जास्त काही वाहू लागली की ती प्रतीक होते. यासाठीही चाचणी आहे. वस्तूच्या जागी तिचा 'अर्थ' लिहून पाहा. दिव्याच्या जागी 'ज्ञान' लिहिलं आणि ओळीचं काही गेलं नाही, तर तिथे दिवा म्हणजे ठरलेली खूण आहे, प्रतीक नाही. तेल, काजळी, वाऱ्याला धरलेला हाताचा आडोसा हे सगळं नाहीसं होऊन ओळ कोरडी पडली, तर दिवा तिथे खरंच काम करत होता.